पोटखराब्यातला खजिना

राजापूर तालुक्यातल्या देवाचे गोठणे गावात भार्गवरामाचं देऊळ आहे. देवळामागची चढण चढून वर आलं की समोर मोकळा सडा पसरतो. जांभ्याचा काळसर कातळ, मधूनच वाळलेलं गवत, लांबवर एखादी करवंदीची जाळी. त्या कातळावर एक माणूस कोरलेला आहे. त्याच्याजवळ होकायंत्र ठेवलं की सुई उत्तर सोडून भलतीकडे वळते. यंत्र हातभर सरकवलं की ती पुन्हा दिशा बदलते. जांभ्यात लोहाचा अंश भरपूर असतो आणि या कातळाचं चुंबकत्व सुईला स्वस्थ बसू देत नाही. नकाशा घेऊन कोणी इथवर आलंच, तर त्याला होकायंत्राचा आधार नाही, नकाशाचाही नाही. त्या कोरलेल्या माणसाची नकाशावर कुठे खूणच नाही.

कोकणच्या दगडांनी सुई फिरवल्याची नोंद पावणेपाचशे वर्षांहून जुनी आहे. १५३८ साली दों जुआंव द कास्त्रो हा पोर्तुगीज दर्यावर्दी गोव्याहून दीवला निघाला आणि वाटेतली बंदरं, खाड्या, खडक, पाण्याची खोली असं सगळं टिपत गेला. बंदरांची चित्रंही त्याने काढून घेतली. दाभोळ त्याच्या वाटेवरच होतं. त्याच वर्षीच्या २२ डिसेंबरला वसईजवळ त्याला दिसलं की काही खडकांजवळ गेलं की सुई चळते आणि दूर गेलं की ताळ्यावर येते. आपण आज ज्याला स्थानिक आकर्षण म्हणतो, त्याची ही फार जुनी नोंद. या किनाऱ्याच्या जुन्या नकाशांमध्ये आणि त्यांच्याबरोबरच्या टिपणांमध्ये अशी अस्सल माहिती दडलेली आहे. पण जुना नकाशा म्हटलं की आपल्याकडे बहुतेकांच्या डोळ्यांसमोर सोन्याचा हंडा येतो आणि सगळा घोटाळा तिथूनच सुरू होतो.

गुप्तधनाचं वेड महाराष्ट्राला नवीन नाही. त्याची स्वतंत्र परिभाषाच तयार झाली आहे. धन कुठे पुरलं ते सांगणारा कोड्यासारखा मजकूर म्हणजे बीजक. धनावर नागाचा पहारा. जन्मताना पायांकडून बाहेर आलेला पायाळू माणूस म्हणे जमिनीतलं धन पाहू शकतो. खणती लावायची ती अमावस्येला, आणि पुढचं सगळं मांत्रिक सांगेल तसं. ऐकायला हे आजीच्या गोष्टींसारखं वाटतं. पण परभणी जिल्ह्यातल्या मानवतला १९७२ ते १९७४ या काळात एकामागून एक बायकामुलींचे खून पडले आणि त्यांच्या मुळाशी पुरलेल्या धनाची हाव निघाली. २०१३ साली महाराष्ट्राने जादूटोणाविरोधी कायदा केला. गुन्हा ठरणाऱ्या कृत्यांच्या त्याच्या यादीत मौल्यवान वस्तू, गुप्तधन आणि जलस्रोत शोधण्याच्या नावाखाली केलेली अघोरी कृत्यं वेगळी नोंदवावी लागली. ज्या राज्याला हे कायद्यात लिहावं लागलं, तिथे खजिन्याच्या नकाशांबद्दल बोलताना जपूनच बोलायला हवं.

मुळात फुलीची खूण असलेला खजिन्याचा नकाशा ही कथाकारांची देणगी आहे. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनने १८८१च्या उन्हाळ्यात सावत्र मुलाच्या खेळासाठी एका बेटाचा नकाशा रंगवला आणि त्यातून ‘ट्रेझर आयलंड’ ही कादंबरी जन्मली. ती पुस्तकरूपाने १८८३ साली आली आणि तेव्हापासून जगभरच्या मुलांना फुली दिसू लागली. आपल्या समुद्रात धुमाकूळ घालणारा कॅप्टन किड १६९७ साली कारवारला पाणी भरायला थांबला होता. त्याने १६९८च्या सुरुवातीला मलबार किनाऱ्याजवळ ‘केडाह मर्चंट’ हे मोठं जहाज लुटलं. त्याच्या पुरलेल्या धनाच्या कहाण्यांवर पिढ्या पोसल्या. ते जहाज २००७ साली सापडलं ते डॉमिनिकन रिपब्लिकच्या किनाऱ्यालगत, जेमतेम काही फूट पाण्यात.

मग जुन्या कागदांतून कोणाला काहीच मिळालं नाही का? मिळालं, आणि भरपूर मिळालं. पण ते ज्या तऱ्हेने मिळालं ती पाहण्यासारखी आहे.

टिपू पडल्यावर १८०२ साली जॉन वॉरन हा लष्करी अधिकारी म्हैसूरच्या पूर्व सीमेची मोजणी करत होता. कोलारकडच्या गावांत माती धुऊन सोनं काढतात, असं त्याच्या कानावर आलं. त्याने बक्षीस लावलं, गावकऱ्यांनी बैलगाड्या भरून माती आणली आणि त्याच्यासमोर धुऊन दाखवली. सोन्याचे कण निघाले. वॉरनने अहवाल लिहिला, तो छापला गेला आणि लोक विसरले. सुमारे सत्तर वर्षांनी न्यूझीलंडच्या युद्धातून परतून बंगळुरात स्थायिक झालेल्या मायकल लॅव्हेल या आयरिश सैनिकाने तो जुना अहवाल वाचला. बैलगाडी जोडून तो कोलारला गेला, त्याने जमीन पाहिली आणि १८७३ साली परवाना मिळवला. कोलारच्या खाणी तिथून उभ्या राहिल्या आणि २००१ पर्यंत चालल्या. या साखळीचा पहिला दुवा वॉरनचा कागद नव्हता. माती धुणारे गावकरी हा पहिला दुवा. वॉरनचं मोठेपण एवढंच की त्याने त्यांचं ऐकलं आणि ठिकाणाच्या नावासकट लिहून ठेवलं.

दुसरं उदाहरण समुद्रातलं. १६२२च्या वादळात फ्लोरिडाजवळ बुडालेलं ‘आतोचा’ हे स्पॅनिश जहाज मेल फिशर वर्षानुवर्षं चुकीच्या बेटांपाशी शोधत होता. सेव्हिलच्या दफ्तरखान्यात सतराव्या शतकातली कागदपत्रं चाळणारा इतिहासकार यूजीन लायन याला एक जुनं नाव दिसलं: ‘कायोस देल मार्केस’, म्हणजे मार्कीची बेटं. बुडालेला माल काढायला आलेल्यांनी त्या काळी तिथे तळ टाकला होता. ती बेटं कुठली, हे नावावरून उलगडलं आणि शोधाची जागाच बदलली. २० जुलै १९८५ रोजी जहाजाचा मुख्य ठेवा सापडला. इथेही हाती फुलीचा नकाशा नव्हता. एका जागेचं विसरलेलं नाव तेवढं होतं.

दोन्हीकडे काम झालं ते नावामुळे आणि स्थानिक माणसाच्या माहितीमुळे. रत्नागिरीत नेमका हाच ठेवा वाया चालला आहे.

रत्नागिरीच्या किल्ल्यांवर आणि जुन्या पेठांमध्ये सोनं पुरलेलं असेल, या आशेने फिरणाऱ्यांनी इतिहास तरी नीट वाचावा. १६६१ साली शिवाजी महाराजांनी राजापूर घेतलं तेव्हा तिथल्या इंग्रजांच्या वखारीची जमीनसुद्धा धनासाठी खणून काढली गेली. १७५६च्या फेब्रुवारीत वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी विजयदुर्ग घेतला. विजयदुर्ग तेव्हा घेरिया म्हणून ओळखला जाई आणि १९८१ मध्ये सिंधुदुर्ग वेगळा होईपर्यंत तो रत्नागिरी जिल्ह्यातच होता. तिथे हाती लागलेली लाख पौंडांच्या घरातली लूट मोजून वाटून घेतली गेली आणि त्या वाटणीवरून पेशव्यांशी वाजलंही. त्या काळी धन हे राज्याचं इंधन होतं. शिबंदीचा पगार, गलबतांचं लाकूड, दारूगोळा या सगळ्याला रोख लागायची. जिंकणारा पहिल्याच दिवशी कोठार फोडायचा आणि पुढे कोणासाठी काही शिल्लक ठेवायचा नाही.

रत्नागिरीला नावाप्रमाणे खरोखरची रत्नं आली ती १८८६ साली, ब्रह्मदेशाच्या थिबा राजाबरोबर. तीही इथल्या मातीत पुरली गेली नाहीत. तीस वर्षांच्या नजरकैदेत घरखर्च भागवायला ती एकेक करून विकली गेली. ज्या प्रसिद्ध माणकासाठी थिबा अखेरपर्यंत झुरला, ते ‘ङा मौक’ आपण १८८५ साली मंडालेतच इंग्रज कर्नल स्लेडनच्या हाती दिलं, असं त्याचं म्हणणं होतं. त्याच्या राजवाड्यात आज पाहायला मिळतात त्या उंच खिडक्या आणि त्यातून दिसणारी खाडी. माणसाने तेवढ्यासाठी तरी तिथे जावं.

किल्ल्यावर मेटल डिटेक्टर फिरवणाऱ्याला मिळतं काय? फार तर तांब्याची एखादी शिवराई, गंजलेला खिळा, बंदुकीची शिशाची गोळी. बाजारात शिवराईची किंमत ती काय येणार! पण तीच शिवराई जमिनीच्या ज्या थरात पडली होती तिथेच राहिली असती, तर त्या थराचा, त्याच्यावरच्या भिंतीचा आणि शेजारच्या खापरांचा काळ तिने सांगितला असता. खड्ड्यातून उपसून खिशात घातल्यावर ती मुकी होते. शिवाय कायदा याबाबत संदिग्ध नाही. १८७८चा भारतीय निखात निधी कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक मोलाची कोणतीही वस्तू सापडली की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. काय सापडलं, कुठे सापडलं, कधी सापडलं, सगळं. न कळवणाऱ्याला तुरुंगवास होऊ शकतो. उलट प्रामाणिकपणे कळवलं आणि धनाला कोणी मालक निघाला नाही, तर ज्याला ते सापडलं त्याचा तीन चतुर्थांश वाटा कायद्यातच धरलेला आहे, उरलेला जागेच्या मालकाचा. सरकारला तो ठेवा हवा असेल तर त्याने किंमत मोजून घ्यायचा. अनेक गावकऱ्यांना हे ठाऊक नसतं. नांगराला मडकं लागलं की ते घाबरून लपवतात, सोनाराकडे वितळवतात आणि इतिहासही त्याबरोबर वितळतो. हा कायदा सोप्या मराठीत प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लावायला हवा.

आता त्या सड्याकडे परत यावं.

कोकणातल्या माणसाला सडा म्हणजे काय ते सांगायला नको. खाली वाडी, आगर, भातखाचरं आणि वर उघडा कातळ. पावसाळ्यात त्याच्यावर इवल्याशा फुलांचे गालिचे पसरतात, दीपकाडीसारखी जगात फक्त याच पट्ट्यात उगवणारी वनस्पती फुलते. उन्हाळ्यात पाय भाजतो. महसूल दफ्तरात अशा जमिनीला एक शब्द आहे: पोटखराबा. लागवडीला निरुपयोगी म्हणून आकारणीतून वगळलेलं क्षेत्र. सातबाऱ्यावर हा शब्द वाचताना अनेक घरांतल्या वडीलधाऱ्यांनी मान हलवली असेल, की आपल्या वाट्याला हे आलं!

त्याच पोटखराब्यावर भारतातल्या सर्वांत महत्त्वाच्या प्रागैतिहासिक चित्रांपैकी काही चित्रं आहेत. गावातल्या लोकांना ती ठाऊक नव्हती असं नाही. गुरं चारायला जाणाऱ्या पोरांनी त्यांच्यावर बसून भाकरी खाल्ली आहे. कुठे ती पांडवांनी एका रात्रीत काढलेली मानली गेली, कुठे राक्षसाची, कुठे देवाची. आणि खजिन्याच्या खुणा समजून त्यांच्याकडे पाहणारेही भेटतात. वर्तुळ दिसलं, बाण दिसला, ओळीने खळगे दिसले की हे बीजकच, आता फक्त वाचता आलं पाहिजे, अशी त्यांची समजूत. या समजुतीतून कोणी पहार घातली, तर जे हजारो वर्षं पाऊस खाऊन टिकलं ते एका दुपारी जातं.

सिंधुदुर्गात हिवाळेची चित्रं २००१च्या सुमारास आणि पुढे कुडोपीचीही सतीश लळीत यांनी जगापुढे आणली. रत्नागिरीत सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि डॉ. सुरेंद्र ठाकुरदेसाई यांनी निसर्गयात्री संस्थेच्या माध्यमातून २०१२च्या आसपास पद्धतशीर शोध सुरू केला. त्यांची पद्धत वॉरनच्या पद्धतीशी जुळते. गावात जायचं, गुराख्यांना आणि म्हाताऱ्यांना विचारायचं, मग त्यांच्यामागून सडा तुडवायचा. माती आणि गवत बाजूला सारायचं, मोजायचं, ठिकाण नोंदवायचं. हळूहळू सत्तरहून अधिक गावांत दीड हजारांहून अधिक चित्रं नोंदली गेली. हत्ती, वाघ, मोर, मासे, गेंडा. पाणघोडाही. गेंडा आणि पाणघोडा आज कोकणात कुठेच नाहीत. ज्याने ती चित्रं काढली त्याने ती जनावरं पाहिली असतील, तर त्या वेळचं कोकण आजच्यापेक्षा फार वेगळं होतं. २०२२ साली कोकणच्या कातळशिल्पांचं नाव युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेलं. त्यातल्या नऊ ठिकाणांपैकी सात रत्नागिरी जिल्ह्यातली: कशेळी, रुंढे तळी, देवाचे गोठणे, बारसू, देवीहसोळ, जांभरूण आणि उक्षी.

कशेळीचा हत्ती डोळ्यांसमोर आणावा. सुमारे १८ मीटर लांब, १३ मीटर रुंद. मुंबई इलाख्याच्या मोजणीत तेहतीस फुटांची साखळी वापरत आणि तिचे सोळा आणे पाडत. त्या साखळीने मोजला तर हत्ती पावणेदोन साखळ्यांहून थोडा लांब भरेल. सगळा धरून जागा होते सव्वादोन गुंठे. त्याच्या पोटात आणखी कितीतरी प्राणी आहेत, त्यात समुद्रातले मासेही. जवळ उभं राहिलं तर हत्ती दिसतच नाही, नुसत्या रेघा दिसतात. चार पावलं चालावं, वळावं, पुन्हा मागे यावं, तेव्हा कुठे सोंड लागते. जमिनीवर उभं राहून ज्याला हे पूर्ण पाहता आलं नाही, त्याने ते एवढं प्रमाणात कोरलं कसं, या विचाराने माणूस गप्प होतो.

या सव्वादोन गुंठ्यांची खूण सर्व्हे ऑफ इंडियाच्या टोपोशीटवर नाही. टोपोशीटच्या खुणांमध्ये देऊळ आहे, मशीद आहे, छत्री आहे, विहीर आहे, किल्ला आहे. ज्यांनी शीट काढली त्यांचा यात दोष नाही. ते कातळावरून गेले तेव्हा त्यांना कोणी सांगितलं नाही, आणि वरून पाहायला ड्रोन नव्हता. पण पुढे हे नकाशेसुद्धा रत्नागिरीकरांना मिळेनासे झाले. किनाऱ्यापासून ८० किलोमीटरच्या आतल्या टोपोशीट प्रतिबंधित होत्या आणि तेवढ्यात सगळा रत्नागिरी जिल्हा मावतो. आपल्याच गावाचा नकाशा पाहायला परवानगी लागायची. २००५च्या नकाशा धोरणाने दार थोडं किलकिलं केलं, २०१७ मध्ये टोपोशीट संकेतस्थळावरून उतरवून घेण्याची सोय झाली आणि २०२१च्या फेब्रुवारीत नियम खऱ्या अर्थाने सैल झाले. आज कोणाही महाविद्यालयीन मुलाला आपल्या गावाची शीट संगणकावर उघडून तिच्यावर उपग्रहाचं चित्र बेतता येतं.

ते बेतताना एक काळजी घ्यावी लागते, आणि हौशी शोधकांचं इथेच बहुतेक वेळा चुकतं. जुन्या भारतीय शीट ‘एव्हरेस्ट’ या मापनपद्धतीवर बेतलेल्या आहेत आणि मोबाइलमधलं जीपीएस वेगळ्या. रूपांतर न करता जुने अक्षांश-रेखांश तसेच मोबाइलमध्ये घातले, तर रत्नागिरीच्या परिसरात ठिकाण शंभर मीटरांहून जास्त सरकतं. कातळशिल्प शोधताना शंभर मीटर म्हणजे सगळंच. सकाळी नऊनंतर ऊन वर आलं की उथळ रेघांवर सावली पडत नाही आणि माणूस चित्रावरून चालत जातो तरी त्याला ते दिसत नाही.

जुन्या नकाशांचा खरा उपयोग इथे आहे. भूमि अभिलेख कार्यालयात पडून असलेले गावनकाशे, टिपणं, फाळणी. १८८०चं रत्नागिरी आणि सावंतवाडीचं गॅझेटियर. पोर्तुगीजांची आणि इंग्रजांची किनाऱ्याची चित्रं. यांत गुराख्यांच्या वाटा आहेत, आता बुजलेले पऱ्हे आहेत, बंद पडलेली बंदरं आहेत, आणि मुख्य म्हणजे नावं आहेत. गोठण म्हणजे गुरांची दुपारची विसाव्याची जागा. जिथे गुरं थांबतात तिथे पाणी असतं, आणि जिथे पाणी असतं तिथे माणूस हजारो वर्षांपूर्वीही थांबला असणार. इतिहासकार वि. का. राजवाडे यांनी शंभर वर्षांपूर्वी गावांच्या नावांचा ढीग जमवून त्यांतून वसाहतींचा इतिहास वाचायचा प्रयत्न केला होता. सड्यावरच्या टेंबांची, खळग्यांची, मळ्यांची नावं तर कोणत्याच छापील नकाशावर नाहीत. ती ज्यांच्या तोंडी आहेत त्यांनी गुरं विकली, मुलं मुंबईला गेली, आणि सड्यावर जायला आता कोणाला कारण उरलेलं नाही.

सोनं शोधणाऱ्यांचा सड्यावर फार मोठा धोका नाही. मोठा धोका आहे तो खनिज शोधणाऱ्यांचा, आणि तेही नकाशेच घेऊन येतात. दक्षिण कोकणच्या भूस्तरांचा आराखडा सी. जे. विल्किन्सन यांनी १८७१ साली मांडला. तेव्हापासून या कातळाखाली काय आहे याचा हिशेब चालू आहे. मंडणगड-दापोलीकडे बॉक्साइट, रेडीला लोह, कासार्डे-फोंड्याकडे सिलिका वाळू, आणि जिकडेतिकडे चिरा. जांभ्याचा चिरा हा गौण खनिजात मोडतो. त्याच्या परवान्यासाठी गटाचा नकाशा जोडावा लागतो. नकाशावर कातळ कोरा असतो, सातबाऱ्यावर पोटखराबा असतो, तलाठ्यापासून तहसीलदारापर्यंत कोणाच्याही समोर हरकतीचं कारण येत नाही. मग कटर मशीन येतं. ते कातळ चौकोनी कापत जातं आणि त्याला हत्तीची सोंड आणि साधा दगड यांत फरक कळत नाही. घर बांधायला चिरा लागतोच. चिरेखाणीवर कित्येक घरांची चूल पेटते. खाण बंद करा, असं इथे कोणीही म्हणत नाही. परवाना देण्याआधी कातळ चालून पाहा, एवढंच म्हणणं आहे.

बारसूमध्ये एप्रिल २०२३ मध्ये रिफायनरीसाठी माती परीक्षण सुरू झालं आणि आंदोलन पेटलं, तेव्हा राज्यातल्या अनेकांनी पहिल्यांदा ऐकलं की तिथे कातळशिल्पंही आहेत. युनेस्कोच्या संभाव्य यादीत बारसूचं नाव त्याच्या आदल्या वर्षीच गेलेलं होतं! प्रकल्प हवा की नको, यावर मतं असणारच. पण एका खात्याच्या नकाशावर जागतिक वारसा आणि दुसऱ्या खात्याच्या नकाशावर मोकळी जमीन, अशी एकाच कातळाची दोन रूपं असू नयेत. १९९२-९३ मध्ये रत्नागिरीच्या तांबं वितळवण्याच्या प्रकल्पाविरुद्ध आंबा-मासेमारीवाले रस्त्यावर उतरले तेव्हाही वाद जमिनीच्या मोलाचाच होता. प्रत्येक वेळी मोल ठरवणारा बाहेरून येतो आणि नकाशा त्याचा असतो.

म्हणून मागणी साधी आहे. ज्या गटात कातळशिल्प नोंदलं गेलं आहे, त्या गटाच्या नकाशावर त्याची मोजणी होऊन खूण पडावी आणि सातबाऱ्याच्या इतर हक्कांत तशी नोंद व्हावी. चिऱ्याच्या, बॉक्साइटच्या किंवा कारखान्याच्या अर्जाबरोबर ती आपोआप समोर यावी. राज्याचा १९६०चा प्राचीन स्मारकांचा कायदा संरक्षण देऊ शकतो, पण अधिसूचना निघायला वेळ लागतो. नकाशावरची खूण त्याच्या आधीही पडू शकते. जमिनीचे मालक बहुतेक ठिकाणी सामायिक आहेत, एका सातबाऱ्यावर वीस-वीस नावं, निम्मी मुंबईत. त्यांच्या मनात जमीन हातची जाण्याची भीती असते आणि ती रास्त आहे. नोंद करताना त्यांना विश्वासात घेतलं, पाहायला येणाऱ्यांकडून गावाला काही मिळालं, तर तेच सगळ्यांत चांगले राखणदार होतील. उक्षीसारख्या ठिकाणी गावानेच पुढाकार घेऊन चित्राभोवती कठडा घातला आहे.

ज्यांना जुन्या नकाशांचा नाद आहे, डिटेक्टर घ्यायचा मनात विचार घोळतो आहे, त्यांनी आपली हौस इकडे वळवावी. टोपोशीट उतरवून घ्यावी, पद्धत नीट जुळवावी, गावनकाशाची प्रत काढावी. मग गावात जाऊन सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाला गाठावं आणि नकाशा त्याच्यापुढे पसरावा. त्याला नकाशा वाचता येणार नाही कदाचित, पण बोट ठेवून एकेका जागेचं नाव मात्र तो सांगेल. सापडलेलं ठिकाण खणायचं नाही, रेघांत खडू-रंग भरायचा नाही, जाणकारांना आणि पुरातत्त्व खात्याला कळवायचं.

याला सगळ्यांत चांगले दिवस शिमग्याचे. चाकरमानी गावी आलेले असतात, सडा कोरडा असतो, गवत वाळून खाली बसलेलं असतं. ऊन तिरपं असताना, सकाळी लवकर किंवा चार वाजल्यानंतर, रेघा स्वच्छ दिसतात. पालखी आपल्या वाडीत यायला अजून अवकाश असेल, तर आजोबांना स्कूटरवर मागे बसवून सड्याच्या कडेपर्यंत नेता येतं.